एका रेघेनं खोडलेला आकडा

कामावर रुजू झालो त्या सकाळी त्यांनी मला नाव विचारलं नाही, गावही विचारलं नाही. टेबलाच्या पलीकडून हात पुढे केला आणि म्हणाले, "रबर."

मी खिशातून नवाकोरा खोडरबर काढून दिला. त्यांनी ड्रॉवरमधून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला आणि रबर त्यात टाकला. डब्यात आधीचे बरेच रबर होते. पुढे एकदा ते जेवायला गेले असताना मी मोजले. माझा धरून सतरा. म्हणजे माझ्याआधी सोळा जण त्यांच्या हाताखालून गेले होते.

ऑफिसात त्यांना सगळे बाब म्हणत. शिपाई म्हणे, साहेब म्हणत, मीही म्हणू लागलो. आमचं ऑफिस जमिनीची मोजणी आणि उंचसखल काढण्याचं. डिचोली आणि पेडणे हे दोन तालुके आमच्याकडे. गोवा घटक राज्य होण्याच्या आगेमागची ती वर्षं. बाब मूळचे डिचोलीचे. पोर्तुगीज अमदानीत मदतनीस म्हणून लागलेले, आणि मी आलो तेव्हा निवृत्तीला दोनेक वर्षं उरलेली. मी हरमलचा. बाविसावं संपत आलं होतं, नोकरी तात्पुरती होती. कायम व्हायचं तर बाबांचा अहवाल चांगला जायला हवा, एवढंच मला सांगण्यात आलं होतं. घरीही त्यावरच सगळं थांबलं होतं. हळर्णच्या एका मुलीशी माझं लग्न ठरत आलं होतं आणि तिच्या वडिलांनी नीट, शांतपणे सांगितलं होतं की नोकरी पक्की होऊ दे, मग बघू.

रबर काढून घेण्यामागचं कारण बाबांनी सांगितलं नाही. नियम तेवढे सांगितले. मोजणीच्या वहीत आकडा चुकला तर तो एका रेघेनं खोडायचा, दोन नाही. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बरोबर आकडा वर लिहायचा आणि शेजारी सही करायची. सही चूक करणाऱ्याची नव्हे, ज्यानं ती दाखवली त्याची. स्वतःची स्वतःला सापडली तर स्वतःची.

वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी उभी रेघ मारून दोन रकाने केले होते. डाव्या रकान्यावर लिहिलं होतं 'तुझ्या', उजव्यावर 'माझ्या'. चूक सापडली की त्या त्या रकान्यात एक काडी. पहिल्या महिन्यात डाव्या रकान्यात नऊ काड्या झाल्या. उजव्यात एकही नव्हती. मला त्याचं फार वाईट वाटायचं. ते मात्र काडी मारून वही मिटायचे आणि एकच शब्द बोलायचे, "फुडें," म्हणजे पुढे चल.

शाबास त्यांनी कधी म्हटलं नाही. काम चांगलं झालं तरी फुडें, वाईट झालं तरी फुडें.

बोलण्याचीही त्यांची एक विभागणी होती. रागावायचे कोंकणीत. यंत्राला शिव्या पोर्तुगीजमध्ये. आणि आकड्यांची गोष्ट निघाली की मराठीत, कारण पाढे ते डिचोलीच्या मराठी शाळेत शिकले होते आणि त्यांच्या डोक्यात बेरीज दुसऱ्या कुठल्या भाषेत होतच नसे. त्या वर्षांत ऑफिसात चहाची दोन टेबलं झाली होती, एक कोंकणीवाल्यांचं आणि एक मराठीवाल्यांचं. कालपर्यंत एका कपातला चहा दोघांत वाटून पिणारी माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली होती. बाब सोमवारी एका टेबलावर बसत, मंगळवारी दुसऱ्या. कोणी बोललं तर म्हणायचे, आज तुमची पाळी नाही.

पण भाषा दोन असण्याचा त्यांनी माझ्यासाठी उपयोग करून घेतला. काही नवीन शिकवलं की ते मला आधी तातूला समजावायला लावत. तातू आमचा पट्टीवाला, म्हणजे दुर्बिणीसमोर आकडे रंगवलेली लाकडी पट्टी धरून उभा राहणारा माणूस. दोडामार्गकडचा, पन्नाशीचा, शाळेत फारसा न गेलेला, आणि एखादी गोष्ट कळली नाही तर तोंडावर सांगणारा. त्याला मालवणीत सांगून झालं की तेच संध्याकाळी मी शुद्ध मराठीत पानभर लिहून द्यायचं. दोन्हीकडे जमलं तर मला कळलं, असा बाबांचा हिशोब. लिहून द्यायला मला कधी अडचण आली नाही. तातूपुढे मात्र दर वेळी माझी त्रेधा उडायची. "तां जावंदे, पण कित्याक?" ते असू दे, पण का, असं तो विचारायचा, आणि त्या कित्याकला उत्तर नाही हे मला तिथे, उन्हात उभं राहून कळायचं.

उन्हाचा विषय निघाला म्हणून टोपीचं सांगतो. बाबांची एक करड्या रंगाची फेल्टची टोपी होती, कडा वितळल्यासारखी खाली आलेली. शिकणाऱ्याने असा प्रश्न विचारला की ज्याचं उत्तर त्यांना येत नाही, तर ते टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवत. ती मग संध्याकाळपर्यंत त्यानं घालायची. असं क्वचित व्हायचं. माझ्या डोक्यावर ती टोपी सोळा महिन्यांत चार वेळा आली. तातू लांबून ओरडायचा, "आज सायब बदललो काय?"

प्रश्नाचं उत्तर येत असेल तर ते देत नसत. "तुका कितें दिसता?" म्हणजे तुला काय वाटतं, असं उलट विचारत. आणि मी दुर्बिणीला डोळा लावून आकडा वाचत असलो की ते माझ्याकडे पाठ करून उभे राहत, अगदी ठरवून. बरेच दिवस मला तो तुटकपणा वाटला. मग एकदा लक्षात आलं की आकडा सांगताना मी नकळत त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो. भुवई हलली तर पुन्हा वाचायचो. पाठीकडे बघून काहीच कळत नसे, त्यामुळे पट्टीकडेच बघावं लागे.

चालताना ते पावलं मोजत. ऑफिस ते बसस्टँड, देऊळ ते बाजार, सगळी अंतरं त्यांना पावलांत ठाऊक. दर वाढदिवसाला शंभर मीटर दोरीनं आखून त्यावर चालायचे आणि एका पावलाची लांबी काढून लिहून ठेवायचे. मला त्यांनी तो कागद दाखवला होता. तरुणपणी शहात्तर सेंटिमीटर, मग पंच्याहत्तर, मी होतो तेव्हा चौऱ्याहत्तर. मी विचारलं की कमी होतंय याचं काही वाटत नाही का. म्हणाले, कमी होतं याचं नाही वाटत, कमी झालेलं माहीत नसेल तर रस्ता चुकीचा मोजला जाईल, त्याचं वाटतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

उंचसखल काढायची पद्धत थोडक्यात अशी. एका ठाऊक उंचीच्या दगडापासून निघायचं, वाटेत यंत्र पुढे पुढे नेत जायचं आणि शेवटी परत त्याच दगडावर यायचं. ही सगळी फेरी म्हणजे साखळी. परत आल्यावर आकडा जुळला तर काम बरोबर. दोनचार मिलिमीटरचा फरक चालतो. पण वाटेत अशी कितीतरी ठिकाणं असतात जिथे पट्टी एकदाच उभी केली जाते, एकदाच वाचली जाते, आणि यंत्र पुढे जातं. त्यांना आम्ही मधली रीडिंगं म्हणायचो. साखळीत ती नसतात. साखळी जुळली तरी त्यांच्याबद्दल ती काही सांगत नाही.

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात मी बाबांना विचारलं, "मग मधलं रीडिंग चुकलं तर ते कोण पकडणार?"

ते "तुका कितें दिसता?" म्हणाले नाहीत. टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. "म्हाका खबर ना," म्हणजे मला ठाऊक नाही, असं म्हणताना त्यांचा चेहरा खुलला होता, जणू कोणी काही भेट आणून दिली आहे. वहीत मागे त्यांनी तो प्रश्न लिहून घेतला.

त्याच सुमारास नवीन यंत्र आलं. आधीचं पोर्तुगीज काळातलं पितळी. त्याच्या दुर्बिणीतून जग उलटं दिसायचं. तातू डोक्यावर उभा, माड खाली लोंबणारे, पट्टीवरचे आकडे वरून खाली वाढत जाणारे. म्हणून वरचा आकडा धरायचा आणि तिथून खाली मोजत यायचं. बाबांनी तीस वर्षं असंच मोजलं. नव्या यंत्रात सगळं सुलटं दिसू लागलं, पट्टीवरचे आकडे खालून वर वाढू लागले. आमचे साहेब तरुण इंजिनियर, त्यांनीच खटपट करून ते मागवलं होतं. बाबांनी ते उचलून बघितलं, वजन चांगलं आहे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून वापरायला घेतलं. कुरकुर केली नाही. मात्र त्यावर आकडे बहुतेक मीच वाचत असे. मला वाटतं, त्यांनी थोडी कुरकुर केली असती तर बरं झालं असतं, निदान सांभाळून वाचलं असतं.

पार्से गावाच्या अलीकडे एका मळ्यात पाटाचं काम निघालं. ओढ्यावर फळ्यांचा बांध, तिथून सहाशे चाळीस मीटर लांब पाट, शेवटच्या कुणग्यापर्यंत, म्हणजे भातखाचरापर्यंत. पावसाळी भात झाल्यावर दुसरं पीक, ज्याला आमच्याकडे वायंगण म्हणतात, ते त्या पाण्यावर घ्यायचं. एवढ्या लांबीत निदान बत्तीस सेंटिमीटर उतार हवा. बाबांनी मोजणी केली. एका दिवसात ती पुरी व्हायला हवी होती आणि मी त्या दिवशी तापानं घरी होतो, म्हणून सगळी रीडिंगं त्यांनी एकट्यानं घेतली. उतार चौतीस निघाला. साखळी तीन मिलिमीटरवर जुळली. नकाशा मंजूर झाला, सोमवारपासून खणायचं ठरलं.

त्याआधीच्या शनिवारी मी आणि तातू खुंट्या ठोकायला गेलो. शेवटच्या कुणग्याच्या बांधावर एक बाई तूर उपटत होती. नवरा वारलेला, तो एकच कुणगा तिचा. पाट येणार म्हणून यंदा तिनं वायंगणाचं बी बाजूला काढून ठेवलं होतं. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि तातूशी बोलायला लागली. बोलता बोलता सहज म्हणाली की तिच्या कुणग्यात पावसाचं पाणीसुद्धा सगळ्यात शेवटी येतं आणि सगळ्यात आधी शेजाऱ्याच्या कुणग्यात उतरून जातं.

मी वही उघडली. वहीप्रमाणे तिचा कुणगा शेजाऱ्यापेक्षा सात सेंटिमीटर खाली होता.

पाणी खालून वर जात नाही. म्हणजे दोघांपैकी एक चूक. ती बाई त्या जमिनीवर तीस वर्षं चालत होती. वही बाबांची होती. तातूनं माझ्याकडे बघितलं. "काय झाला?" म्हणाला. मी काही नाही म्हटलं. तो म्हणाला, "काय नाय तर मगे तोंड असा कित्याक?"

रविवारी सकाळी ऑफिसातून यंत्र घेऊन आम्ही दोघं परत गेलो. दोन्ही कुणग्यांवर पट्टी धरली. बाईचा कुणगा शेजाऱ्यापेक्षा अकरा सेंटिमीटर वर होता. सात खाली आणि अकरा वर, फरक अठरा. मी बांधावर बसून अठराचा शोध घेत राहिलो. बाबांच्या वहीत त्या जागेचं रीडिंग एक पूर्णांक एकोणसाठ होतं. जमीन जितकी उंच तितका पट्टीवरचा आकडा लहान, म्हणजे ते खरं तर एक पूर्णांक एकेचाळीस असायला हवं. मग दुर्बिणीला डोळा लावला आणि पट्टी एकेचाळीसवर आणून बघितली. वर पंधराचा आकडा दिसत होता, म्हणजे दीड मीटर, खाली चौदाचा. केस, म्हणजे भिंगावरची बारीक आडवी रेघ, पंधराच्या खाली नऊ घरं, एक घर एका सेंटिमीटरचं. जुन्या सवयीनं वरचा पंधरा धरून खाली नऊ मोजले की एकोणसाठ.

चूक सापडली याचा मला आनंद झाला, हे खरं सांगायला हवं. आनंद मिनिटभर टिकला. मग बाकीचं लक्षात आलं. चौतीसातून अठरा गेले तर उतार सोळाच. त्या उतारावर पाणी अर्ध्यात पसरणार आणि शेवटच्या कुणग्यात चिखलसुद्धा होणार नाही. दुसऱ्या दिवशी खणायला सुरुवात. माझा अहवाल त्याच महिन्यात जायचा होता. बाबांच्या तीस वर्षांच्या वह्यांत अशी चूक कोणी काढली नव्हती, आणि ती काढणार कोण, तर ज्याच्या नावापुढे चाळीसेक काड्या आहेत तो.

तातू म्हणाला, "सांगा जावन. म्हातारो खाणा नाय."

दोन बसगाड्या बदलून दुपारी डिचोलीला पोचलो. बाब सोप्यावर बसून चपलेचा अंगठा शिवत होते. मी उभ्यानंच सांगितलं. बाई काय म्हणाली, सात, अकरा, अठरा. त्यांनी सुई खाली ठेवली नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "तुका कितें दिसता?"

"तुम्ही वरचा आकडा धरून खाली मोजलं," मी म्हटलं. "जुन्या यंत्रासारखं."

आता त्यांनी सुई खाली ठेवली. मग वही मागितली. जनेलाजवळ, खिडकीच्या उजेडात जाऊन ते पान काढलं, एक पूर्णांक एकोणसाठवर एक रेघ मारली, वर एकेचाळीस लिहिलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. काय करायचं ते मला कळेना.

"सय कर. कोणें दाखयली?"

मी सही केली. वहीत ती अजूनही वाकडी आहे. त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि उजव्या रकान्यात काडी मारली. ती तिथली तिसरी. आधीच्या दोन साध्या बेरजेच्या होत्या आणि त्याही मीच दाखवल्या होत्या. टोपी खुंटीवर होती. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी बघितली. म्हणाले, टोपी प्रश्नाला. चुकीला सही पुरे.

मग त्यांनी विचारलं की शेवटचा कुणगा कोणाचा. मी सांगितलं. "ती बरोबर मोजते," ते मराठीत म्हणाले.

सोमवारी पहिल्या बसनं ते मळ्यात पोचले. माणसं फावडी घेऊन उभी होती. साहेब आले, त्यांनी ऐकून घेतलं आणि चांगुलपणानं म्हणाले की यंत्र नवीन आहे, यंत्रदोष असं लिहू या. बाब सगळ्यांसमोर म्हणाले, "यंत्र बरोबर आहे. वाचणारा चुकला." बांधाला एक फळी चढवून पाटाचं तोंड अठरा सेंटिमीटर वर घ्यायचं ठरलं. अठरा म्हणजे साधारण एका चिऱ्याची उंची. एका चिऱ्यावरून त्या बाईचं वर्ष जाणार होतं. त्याच दिवशी फळी चढली आणि मग खणायला सुरुवात झाली.

मला वाटलं, इथे हे संपलं. मंगळवारी सकाळी मी ऑफिसात आलो तर व्हरांड्याच्या एका टोकाला नवीन यंत्र लावलेलं आणि दुसऱ्या टोकाला तातू पट्टी धरून उभा. बाब म्हणाले, "म्हाका शिकय."

मी हसलो. ते हसले नाहीत. रोज ऑफिस सुरू होण्याआधी वीस रीडिंगं, मी तपासायची, आणि सांभाळून घ्यायचं नाही, अशी अट त्यांनीच घातली. मी त्यांच्याकडे पाठ करून उभा राहू लागलो. तातूला ह्याची फार गंमत वाटायची. पट्टी वरखाली करत तो म्हणायचा, "बाबांनू, नापास झालात तर मोजणी बंद, मगे पट्टी तुमी धरा." पहिल्या दिवशी वीसात चार चुकली. दुसऱ्या दिवशी पाच. एकदा त्यांनी विचारलं की तू वाचतोस तेव्हा डोळा आधी कुठे जातो. मला सांगता येईना. मी वाचायचो, बरोबर यायचं, पण कसं ते मला ठाऊक नव्हतं. दोन दिवस मी स्वतःलाच वाचताना पकडत होतो. मग कळलं की मी आधी खालचा आकडा ओठांत म्हणतो आणि मग वर चढतो. ते त्यांना सांगितलं. त्या दिवसापासून बाब प्रत्येक रीडिंगला खालचा आकडा मोठ्यानं म्हणू लागले, शाळेतल्या मुलासारखं, आणि नवव्या, दहाव्या, अकराव्या दिवशी वीसपैकी वीस बरोबर आली.

अकराव्या दिवशी यंत्र पेटीत ठेवताना मी म्हटलं की बाब, तुम्हाला शिकवताना मलाच पहिल्यांदा कळलं मी कसं वाचतो ते. त्यांनी पेटीचं झाकण लावलं.

"आतां तुका समजलें," म्हणाले, "म्हाका कितें मेळटालें तें."

शिकवताना त्यांना काय मिळायचं ते मला समजलं होतं की नाही, सांगता येत नाही. सोळा मुलांचे रबर डब्यात ठेवणारा माणूस त्या मुलांना शिकवतो असं मी धरून चाललो होतो. ती सोळा मुलं आणि मी मिळून त्यांच्यासाठी काय करत होतो हा प्रश्न मला पडला नव्हता. नंतर त्यांनी मला वहीचं मागचं पान दाखवलं. माझा मधल्या रीडिंगचा प्रश्न तिथे होता आणि त्याखाली आता उत्तर लिहिलं होतं: 'ज्या आकड्यावर कोणाचं पाणी अवलंबून आहे तो मधला नाही. तो दोघांनी वाचायचा, दुसऱ्यानं पहिल्याचा न बघता.' आमच्या ऑफिसात पुढे तो नियम झाला. आज मी डोळ्यांना चष्मा लावून असं दुसरं रीडिंग मागतो तेव्हा नव्या मुलांना ती माझी लहर वाटते.

यानंतर नव्या यंत्रावर बाबांनी स्वतः घेतलेली थोडीफार जुनी मधली रीडिंगंही आम्ही दोघांनी परत जाऊन तपासली. तिसरी काडी शेवटचीच ठरली. मला ते आधी खरं वाटेना, म्हणून मी दोनदा मोजलं.

महिनाअखेरीला बाबांनी मला बोलावलं. टेबलावर माझा अहवाल होता. असे अहवाल ज्याचे त्याला दाखवत नाहीत. त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. "पळय, चूक आसा काय?"

अहवाल चार ओळींचा होता. नोकरीचा काळ सोळा महिने. या काळात उमेदवाराच्या चुका एकेचाळीस, माझ्या तीन. माझ्या तिन्ही उमेदवारानं दाखवल्या. कायम करावे.

मी तो तीनदा वाचला. मग म्हणालो, "बाब, एक आकडा चुकलाय."

ते जनेलाबाहेर बघत होते. पाठ माझ्याकडे.

"माझ्या एकेचाळीस नाहीत. बेचाळीस."

मला हे सोळा महिने बोचत होतं. पहिल्याच आठवड्यात पेडण्याच्या बाजारात आम्ही चहाला थांबलो होतो. मी एक रीडिंग उलटंपालटं लिहिलं होतं, दोन पूर्णांक एकशे पस्तीसच्या जागी तीनशे पंधरा. बाब हात धुवायला गेले होते. रबर डब्यात होता. पण पुढ्यात भाजी आणि उंडो, म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, होता, आणि पावाच्या मऊ गराची गोळी करून घासली की पेन्सिल जाते, हे शाळेत सगळ्यांनाच ठाऊक असतं. मी आकडा पुसला, बरोबर आकडा लिहिला आणि उंडो खाऊन टाकला. त्या संध्याकाळी बाबांनी ते पान जनेलाशी नेऊन तिरपं धरून बघितलं होतं आणि फुडें म्हणाले होते. मी सुटलो असं समजलो होतो.

हे सगळं मी त्यांच्या पाठीला सांगितलं.

"म्हाका खबर आसा," ते म्हणाले. "पानाक भाजयेचें तेल लागिल्लें."

"मग मोजली का नाही?"

ते वळले. मराठीत बोलले, कारण आकड्याची गोष्ट होती. "ती माझ्या हिशोबातली नव्हती. ती तू सांगायची होतीस."

मला वाटलं आता अहवाल परत घेतील. त्यांनी तो पुढे ओढला, एकेचाळीसवर एक रेघ मारली, वर बेचाळीस लिहिलं आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. सरकारी कागदावर, माझ्याच अहवालावर, मी 'कायम करावे'च्या वर माझी सही केली. या वेळी ती सरळ आली.

मग त्यांनी ड्रॉवर उघडला, पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून माझा रबर शोधून टेबलावर ठेवला. मी तो उचलला, दोन बोटांत धरून बघितला आणि परत डब्यात टाकला.

"फुडें," बाब म्हणाले.